कूलर जिथं पातळ होतो

११ मे, अकोला
सकाळच्या एसटीने ताईकडे आले. मूर्तिजापूरच्या पुढे खिडकीतून येणारी हवा चुलीसमोर बसल्यासारखी. उन्हाळ्याच्या आवाजांचं काम चालू आहे, त्यासाठी कूलरचे आवाज हवेत. अमरावतीचे झाले, अकोल्याचे बाकी आहेत.

ताईच्या वरच्या खोलीतला कूलर अजून तोच. पत्र्याचा, निळा रंग उडालेला, खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर. त्याचे आवाज तीन. पंख्याची घरघर, वाळ्यावर पडणारं पाणी, आणि मधूनच तडतडणारा एका बाजूचा पत्रा. तो तडतडला की भाऊजी उठून त्याला दोन थापडा मारतात. मग थोडा वेळ गप्प. भाऊजींचं दुकान मोटार वायंडिंगचं. ताई म्हणाली, अर्ध्या अकोल्याच्या मोटारी हा माणूस बांधते अन् घरचा कूलर मारझोडीवर चालते. भाऊजींचं म्हणणं, दुरुस्त केला तर त्याचा स्वभाव जाईल.

१२ मे, अकोला
दुपारी वरच्या खोलीत रेकॉर्डिंग. एक माइक पंपाजवळ, एक पत्र्याजवळ. कानाला हेडफोन, डोळे मीटरच्या काट्यावर. भाऊजी दुकान बंद करून आले, पलंगावर बसले आणि बोलायला लागले. मी दोनदा हाताने खूण केली. शेवटी सांगून टाकलं की बोला, तुमचा आवाज तसाही राहणार नाही, माझा प्रोग्राम माणसांचे आवाज आधीच काढून टाकतो.

"म्हंजे मी बोललो काय अन् नाही बोललो काय, तुह्या मशिनीले सारखंच. मंग बोलतो."

आणि बोलले. बराच वेळ. ताई खाली रसाचे आंबे पिळत होती. भाऊजी मध्येच मोठ्याने हसले, मग आवाज खाली आणून काही सांगत राहिले. पत्रा तडतडला, उठले, दोन थापडा. फार छान आल्या. पहिली हलकी, दुसरी भरीव.

जेवताना ताईने विचारलं, वर एवढं काय चाललं होतं. भाऊजी म्हणाले, "तुह्याच चुगल्या. दुसरं काय हाय माह्याजोळ?" ताईने रसाची वाटी त्यांच्यासमोर जरा जोरातच ठेवली. दोघंही हसत होते.

१५ मे, अमरावती
कार्ड संगणकाला जोडलं. नेहमीप्रमाणे माणसांचे आवाज काढले गेले, मूळ फाइल पुसली गेली. हा नियम मीच लिहिला आहे. म.आ. (माणसाचा आवाज) आत घेतानाच काढायचा, मूळ ठेवायचं नाही, मीही परत ऐकायचं नाही. गेल्या वर्षी कार्यक्रमात वाजवलेल्या बाजाराच्या तुकड्यात एका भाजीवालीचा आवाज राहिला होता. ती गिऱ्हाइकाला काहीबाही बोलत होती, ऐकणारे हसले. तिची मुलगी आमच्याच कॉलेजात शिकते. ती तिथेच बसली होती. त्यानंतर हा नियम.

बाकी काम पुढे सरकतं आहे. प्रोग्राम रेकॉर्डिंगचे बारीक तुकडे करतो, खरखरीतपणाप्रमाणे ओळीने लावतो आणि त्या तासाचं बाहेरचं तापमान बघून कुठला तुकडा कुठल्यावर ठेवायचा ते ठरवतो. मी फक्त नियम लिहिते. वाजवतो तो पारा.

ताईकडचा कूलर सगळ्यांत उजवा.

२ जून
राऊत सरांना ऐकवलं. सर आमच्याच कॉलेजात मराठी शिकवतात, पण कान गवयाचा. नोव्हेंबरातल्या कार्यक्रमात हे ठेवू म्हणाले. डोळे मिटून ऐकत होते. थापडांपाशी उघडले. "हा ठेका कुठून आणला?" मी म्हटलं, भाऊजी. ते हसले. त्यांना वाटलं, भाऊजी तबला वाजवतात.

२७ जून
भाऊजी गेले. काल दुपारी, दुकानातच. मोटार समोर उघडी पडलेली होती म्हणे.

अकोल्याला निघते आहे.

९ जुलै, अकोला
तेरवी झाली. घर माणसांनी भरलेलं. वरच्या खोलीत बायका बसल्या होत्या, उकाडा फार म्हणून कूलर चालू. मध्येच पत्रा तडतडला. कुणी उठलं नाही. ताई त्याच्याकडे बघत राहिली. तडतड वाढली तसं कुणीतरी बटन बंद केलं. हे मी कशाला लिहिते आहे? मला तेव्हाही वाटलं की हा आवाज, बंद होण्याचा, घ्यायला हवा होता. रेकॉर्डर पिशवीत होता. लाज वाटली, आणि तरीही वाटलं.

३ ऑगस्ट
ताईचा फोन. इकडचं तिकडचं बोलली. पल्लवी (तिची मुलगी) पुण्याला परत गेली. दुकानाला कुलूप आहे. मग म्हणाली:

"निमे, तुह्याजोळ आवाज असन ना त्यायचा? मे महिन्यातला. तू टेप करून राहिली होती ना."

मोबाइलमध्ये म्हणे त्यांचा आवाज आहे, पण सगळ्या व्हिडिओंत शूटिंग करणारे तेच. म्हणून आवाज येतो तो एवढाच. इकडे पाहा, जरा सरका, हसा ना बे. ताईला त्यांचं बोलणं हवंय. सलग. विशेष करून त्या दुपारचं. ती खाली आंबे पिळत होती, वरून हसणं ऐकू आलं, मग हळू आवाजात बोलणं. तिने नंतर दोन-तीनदा विचारलं तर चुगल्या म्हणून उडवून लावलं. "मले तेवढंच ऐकाचं हाय. काय सांगून राहिले होते तुले."

बघते, म्हणाले. बघायला काही नाही हे मला माहीत होतं. तरी बघते म्हणाले.

४ ऑगस्ट
नाही. कुठेच नाही.

१० ऑगस्ट
पुसलेल्या फाइली परत काढून देणाऱ्याकडे कार्ड आणि संगणक दोन्ही नेले. त्याने सांगितलं, यावर नंतर पुष्कळ लिहिलं गेलंय. परत आलं ते जूनमधलं, कॉलेजच्या सायकल स्टँडचं. तेही तुटक.

त्याने विचारलं, मॅडम, महत्त्वाचं असतं तर दुसरीकडे कॉपी का नाही ठेवली? बरोबरच आहे. महत्त्वाचं नव्हतं. मला कूलर हवा होता, आणि तो माझ्याकडे आहे.

२१ ऑगस्ट
मी ऐकलं होतं. हेडफोनमधून तर खोलीतल्या माणसापेक्षा जास्त स्पष्ट. त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत असणार.

आठवतं ते हे: "तुह्या बहिणीले सांगू नको, पण". यापुढचं नाही. त्यानंतर मी पंपाजवळचा माइक वीतभर मागे घेतला. का घेतला तेही आठवतं. पाण्याचा आवाज फुटत होता, काटा लाल रेघेला लागत होता. त्यांच्याकडे बघून मान डोलावल्याचंही आठवतं. कशाला डोलावली ते नाही.

आजारपण होतं का? छातीत दुखत होतं आणि ते त्यांनी मला सांगितलं, आणि मी मान डोलावली? की काही लहानसंच, साडी घ्यायची, कुठे घेऊन जायचं तिला? हसले होते आधी. हसून कुणी छातीत दुखतं असं सांगतं का? भाऊजी सांगतील. तसेच होते ते.

ताईला हे अर्धं वाक्य सांगायचं का? सांगितलं तर तिला शेवट नसलेलं वाक्य मिळेल, आणि त्यात तिला सांगू नको असंच म्हटलेलं. नाही सांगितलं तर जेवढं उरलंय तेवढंही मीच पुसलं असं होईल.

६ सप्टेंबर
ताईला फोनवर सांगितलं की आवाज राहिलेला नाही, निघून गेला. अर्ध्या वाक्याचं सांगितलं नाही.

ताईने ऐकून घेतलं. मग: "बरं. मशीनच ते. त्याले काय समजते."

मशीनने तेच केलं जे मी लिहिलं होतं, हे म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. तिने चुलीवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. तिच्याकडे चूल नाही, गॅस आहे. बोलायची पद्धत. पण मी तेच धरून बसले आहे संध्याकाळपासून.

५ ऑक्टोबर
पल्लवीने पुण्याहून एक फाइल पाठवली. सोबत निरोप: मावशी, आधी तू ऐक, मग आईला पाठवू का सांग. तिने भाऊजींच्या व्हिडिओंतले तुकडे गोळा करून त्यावरून त्यांचा आवाज तयार करवला आहे. हल्ली होतं ते, फार अवघड राहिलेलं नाही. कसं होतं ते मला माहीत आहे. मलाही सुचलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

लावली. भाऊजींचा गळा. तंतोतंत. शेवटी जरा खरखरणारा. आणि तो गळा म्हणाला, "नमस्कार, तू कशी आहेस? माझी काळजी करू नकोस."

भाऊजी असं जन्मात बोलले नाहीत. पल्लवीलाही ते कळलं होतं. दुसऱ्या फाइलीत तिने आपल्याकडचं लिहून दिलं होतं, "काय करून राहिली वं". तिथे यंत्र अडखळलं. प्रत्येक शब्द सुटा, जणू कुणी त्यांना शाळेत उभं करून वाचायला लावलंय.

पल्लवीला फोन केला. ती रडत होती. म्हणाली, मला माहीत होतं नीट नाही झालं, पण मावशी, गळा तर त्यांचाच आहे ना. मी म्हटलं, आईला पाठवू नकोस. लगेच वाटलं, हे ठरवणारी मी कोण. खरा आवाज मी पुसला, आता खोटाही मीच अडवते. पल्लवी हो म्हणाली. दोघींनीही ती फाइल पुसलेली नाही.

१९ ऑक्टोबर
राऊत सर घरी आले. येताना गिलावडे घेऊन आले, ते खात खात कार्यक्रमाचं बोलणं. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. शेवटचा भाग फक्त अकोल्याच्या कूलरचा ठेवा, तुकडे न करता सलग, आणि भाऊजींच्या स्मरणार्थ असं म्हणू, असं त्यांचं मत. मी म्हटलं, त्यात भाऊजी नाहीत. सर म्हणाले, थापडा आहेत की.

ते गेल्यावर कूलरची, माणसांचे आवाज काढलेली फाइल सलग लावली. मे महिन्यापासून सलग अशी ऐकलीच नव्हती. कार्यक्रमासाठी तुकडेच ऐकत होते.

मधेमधे कूलर पातळ होतो.

आधी वाटलं, वीज कमी-जास्त झाली असेल. मग लक्षात आलं. प्रोग्राम माणसाचा आवाज काढतो तेव्हा त्या जागचा थोडा कूलरही सोबत निघून येतो. गुळाच्या ढेपेला चिकटलेला कागद काढताना थोडा गूळ निघतो तसा. जिथे जिथे कूलर पातळ, तिथे तिथे भाऊजी बोलत होते.

पुन्हा ऐकलं. एक लांब जागा. मग लहान लहान, जवळजवळ, धक्के बसल्यासारख्या. ते हसणं. मग एक फार लांब जागा, कडा मऊ असलेली. हळू आवाजातलं. मग तडतड. मग थापडा.

शब्द एकही नाही. पण ते कुठे थांबले, कुठे श्वास घेतला, कुठे घाईने बोलले, सगळं आहे.

२४ ऑक्टोबर
त्या लांब जागेच्या सुरुवातीला "तुह्या बहिणीले सांगू नको, पण" बसवून पाहिलं, मनात. बसतं. त्यानंतर बरीच जागा उरते. एवढ्या जागेत आजारपण बसेल. साडी पण बसेल. मला काहीही बसवता येतं, हीच भीती आहे. पुन्हा नाही करायचं.

ताईला ऐकवायचं. अर्धं वाक्यही सांगायचं. फोनवर नाही.

१६ नोव्हेंबर, अकोला
ताईकडे यंदा दिवाळी नव्हतीच. मोर्शीची संत्री घेऊन गेले, तिने तशीच टोपलीत ठेवली. कूलर बंद, जुन्या चादरीत गुंडाळलेला. दरवर्षी दसऱ्यानंतर भाऊजी गुंडाळायचे. यंदा ताईने बांधलाय, सुतळीऐवजी दुकानातल्या तांब्याच्या तारेने. घट्ट.

वरच्या खोलीत बसलो. कार्यक्रमाच्या शेवटी खोलीची नुसती शांतता वापरायची म्हणून मी रेकॉर्डर पलंगावर ठेवून चालू केला होता. ती माझी पद्धत, कुठेही गेले की आधी रिकामी खोली घ्यायची. ताईला तसं सांगितलंही. मग ती बोलायला लागली, मीही, आणि तो चालूच राहिला.

आधी अर्धं वाक्य सांगितलं. सगळं. माइक मागे घेतल्याचं, मान डोलावल्याचं. नियम मीच लिहिला होता हेही.

"मंग?"

मग माहीत नाही, म्हटलं.

"तू काय करून राहिली होती?"

मीटर पाहत होते.

ताई रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तू लहानपणापासून अशीच. माय हाका मारे अन् तू छताच्या पंख्याकडे पाहत राहे, कुठं वाजून राहिला म्हणून." थोडी हसली. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, लाव.

लावलं. कूलर पातळ होतो तिथे ते बोलत होते, एवढंच सांगितलं; कुठे काय आहे ते नाही. पहिली लांब जागा आली, गेली. ते लहान लहान धक्के आले तशी तिची मान वर झाली. "हे हासले ना?" मी हो म्हटलं. "दुकानातल्या माणसाची गोष्ट सांगतली असन. ते सांगताना असेच हासत." मला काही आठवत नव्हतं. असेल.

मग ती मऊ कडांची लांब जागा. ताई पुढे वाकून ऐकत होती, स्पीकरकडे नाही, गुंडाळलेल्या कूलरकडे बघत. पत्रा तडतडला. दोन थापडा. तिने हात वर केला, थांब. परत लाव, ती मोठी जागा.

परत लावली. त्या जागेच्या मध्यावर ताई बोलली. माझ्याशी नाही.

"हाव. मले मालूम होतं."

आणि मग त्या उरलेल्या पातळ जागेत ती हळू आवाजात बोलत राहिली, थापडा येईपर्यंत. काय बोलली ते मी या वेळी ऐकलं. इथे लिहीत नाही. थापडा आल्या तशी ती थांबली, जसं समोरचं माणूस उठून गेल्यावर आपण थांबतो.

रेकॉर्डरचा लाल दिवा आमच्या दोघींच्या मध्ये, पलंगावर. तिला दिसत होता. बोलताना एकदा तिने त्याच्याकडे पाहिलंही होतं.

मी विचारलं नाही, तुला काय मालूम होतं. तिने सांगितलं नाही. खाली जाऊन तिने संत्री सोलली. म्हणाली, आंबट हायत.

१८ नोव्हेंबर, अमरावती
राऊत सरांना शेवटचा भाग उद्या द्यायचा आहे. सलग कूलर की कूलरनंतर खोलीची शांतता, ते विचारत होते. शांतता घेऊन आले का? आणली आहे, म्हटलं. तिच्यात काय आहे ते सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर
कार्ड जोडलं की प्रोग्राम आधी म.आ. काढेल, मग मूळ पुसेल. नियमाच्या त्या ओळीपुढे एक खूण घातली की ओळ थांबते. सोपं आहे. पण मग भाजीवालीला एक नियम आणि माझ्या घरच्यांना दुसरा. आणि ताई ते माझ्याजवळ राहावं म्हणून बोलली, की फक्त तेवढ्यापुरती, माझ्यासमोर? लाल दिवा तिला दिसत होता. दिवा दिसणं म्हणजे हो म्हणणं आहे का? मे महिन्यात मीच भाऊजींना सांगितलं होतं की माझ्या यंत्रात माणसं राहत नाहीत. ताईलाही ते माहीत आहे. कदाचित म्हणूनच बोलली असेल, त्यांच्यासारखीच.

आणि रविवारी काय वाजवायचं? ती पातळ जागा लोकांना ऐकवली तर त्यांना फक्त कूलर ऐकू येईल. त्यातही कुणाचं काही उघडं पडत नाही. तरी ती जागा आता माझी राहिलेली नाही असं वाटतं.

दुपारी ताईला फोन केला. विचारायचं म्हणून. ती म्हणाली, पल्लवी म्हणते कूलर भंगारात देऊन टाक, नवा घेऊ. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

"म्हटलं, उन्हाळ्यात पाहू."

तिच्याकडे मागे मिक्सर चालू होता. मी विचारलं नाही. तीही म्हणाली नाही, ते ठेव किंवा ते पूस. फोन ठेवताना एवढंच म्हणाली, निमे, त्या थापडा पुन्हा एकदा ऐकव कधी.

संध्याकाळी सरांना कळवलं, शेवट परवा देते. ते जरा नाराज.

कार्ड टेबलावर आहे, संत्र्याच्या सालीशेजारी. जोडलं नाही.